एक-दोन-चारचा माल

गल्लीत त्याला सगळे 'एकदोनचार' म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. जन्मभर त्याने काँक्रीटचा माल कालवला. सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार. इमारत कोणाचीही असो, मुकादम कोणीही असो, फावडं मारताना त्याच्या तोंडात हेच आकडे. शेजारची पोरं त्याला पाहिलं की "काका, तीन कुठे गेला?" असं विचारून पळ काढायची, आणि तो दर वेळी न चिडता सांगायचा, "तीन गेला पाणी आणायला."

त्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावत असे. माप कोणतंही घ्या, घमेलं घ्या, बादली घ्या, फुटकी कुंडी घ्या. पण तिन्हीला तेच घ्या. माप लहान की मोठं याने काही बिघडत नाही, मधेच माप बदललं की घर बसलं. हे त्याने बायकोला इतक्या वेळा ऐकवलं होतं की ती म्हणायची, तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, पण तीही मेली तुमच्याच मालाची.

घरातही तोच कारभार. सरबत करायला बसला तर लिंबाचा रस एक, साखर दोन, पाणी चार. पाहुण्यांचे दात आंबायचे, पण भिडेपोटी ग्लास रिकामा करायचे. एका उन्हाळ्यात त्याने कलिंगड आणलं. पोरं तीन, वयं आठ, सहा, चार. ज्याचं जेवढं वय तेवढा त्याचा वाटा, असा न्याय त्याने जाहीर केला. सगळ्यांना दोनाने भाग जातो, राहिले चार, तीन, दोन. म्हणजे फोडी नऊ. वाटणी चोख झाली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कलिंगड आलं, तोवर पोरं एकेका वर्षाने वाढली होती. नऊ, सात, पाच. कशानेच भाग जाईना. मग हा बाबा सुरी घेऊन एकवीस सारख्या फोडी करत बसला, कलिंगडाचा पार भुगा झाला, धाकटी वाट बघून तिथेच झोपली. बायकोने कपाळावर हात मारला. तो शांतपणे म्हणाला, थोडा दम धर, पुढच्या वर्षी पुन्हा दोनाने भाग जातो.

असा माणूस. त्याच्यावर रागावता यायचं, पण राग टिकायचा नाही.

मग एका सकाळी दात घासता घासता त्याच्या हातातला ब्रश खाली पडला आणि पाठोपाठ तोही पडला. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. दवाखान्यात बरेच दिवस काढल्यावर एकदा बायको त्याचं तोंड पुसत होती, तेव्हा त्याच्या घशातून आवाज आला. तिचं काळीज सुपाएवढं झालं. तो म्हणाला, "एक, दोन, चार."

त्यानंतर तो एवढंच बोलला. पाणी हवं तरी एक, दोन, चार. दिवा मालव म्हणायचं असलं तरी एक, दोन, चार. डॉक्टरांनी समजावलं की त्याला सगळं कळतं, बोलायचं काय तेही आत तयार असतं, फक्त बाहेर यायच्या वाटा बंद झाल्या आहेत. जन्मभर मळलेली एकच वाट तेवढी उघडी राहिली, आणि जे काही बाहेर येईल ते त्याच वाटेने येणार. भेटायला आलेले लोक पहिल्यांदा ऐकून हसायचे, मग ओशाळायचे, मग लवकर उठायचे. त्याच्या डोळ्यांत मात्र काय काय दाटलेलं असायचं. माणसाच्या पोटात अख्खं आयुष्य बोलायचं साचलेलं आणि हातात तीन आकडे, याहून वाईट थट्टा देवालाही सुचली नसेल.

बायको ती भाषा शिकली. हळू आणि खालच्या पट्टीत म्हणाला तर तहान. 'चार' लांबवला तर कूस बदलायची. घाईघाईत म्हणाला तर भांडं आणायचं, तेही पळत. थोरला मुलगा घोटाळ्यात पडायचा, 'बाबा, नक्की काय?' म्हणून पुन्हा पुन्हा विचारायचा, आणि बाप रडकुंडीला यायचा. तेव्हा तिने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "आकडे ऐकू नकोस रे. ते सगळे सारखेच. सूर ऐक."

घर दोन खोल्यांचं, दारातून रस्त्यावर उतरायला उंच पायऱ्या. चाकांची खुर्ची त्यावरून उतरेना. जो माणूस जन्मभर उन्हात उभा राहिला तो आता खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत बसे. मुलाने ठरवलं की पायऱ्यांच्या कडेने काँक्रीटचा उतार करून घ्यायचा, म्हणजे बाबांना रोज बाहेर नेता येईल. त्यासाठी त्याने जो गवंडी बोलावला, तो बापाच्याच हाताखाली तयार झालेला. तो तिला वहिनी म्हणायचा, याला दादा. दादाच्या दाराशी काम करायचं म्हणून तो नवा सदरा घालून आला, हेही सांगायला हवं. माणूस मनाने फार चांगला.

त्या सकाळी त्याचं डावं कंबरडं धरलं होतं. सगळा भार त्या एकाच अंगावर येऊन ते सारखं दुखायचं. तिने रबरी पिशवीत कढत पाणी भरलं, पिशवी कमरेशी लावली, जुन्या ओढणीने ती खुर्चीसकट मागून बांधली आणि मांडीवर शाल पांघरली. खुर्ची खिडकीशी लावली, त्याला काम बघता यावं म्हणून. पिशवीचं झाकण पिळत असतानाच बाहेरून गवंड्याने पाण्यासाठी हाक मारली होती. शेवटचा पीळ दिला की नाही, हे तिला आजही आठवत नाही.

बाहेर, खिडकीच्या बरोब्बर खाली, माल कालवायला सुरुवात झाली. घमेली ओतली गेली, फावडं खरखरलं. आणि वरून आवाज आला.

"एक, दोन, चार."

गवंडी हसला. म्हणाला, दादा मोजतोय, वहिनी. तीही हसली. किती दिवसांनी त्या आकड्यांना त्यांची जागा सापडली होती. पुन्हा आवाज आला, जरा मोठा. मग डाव्या हाताने खिडकीच्या कठड्यावर धपाधपा मारणं सुरू झालं. फावडं थांबलं. तिघांनी वर पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो बोटाने खाली दाखवत होता.

"मालात काहीतरी चुकलंय," मुलगा म्हणाला. "बाबा ओरडतायत ते उगाच नाही."

गवंड्याने गळ्याची शपथ घेतली की माप बरोबर आहे. तरी दादाचा शब्द मोडवेना. त्याने ढीग बाजूला सारला, पुन्हा कोरडा माल घेतला आणि सगळ्यांसमोर त्याच एका घमेल्याने मोजला. सिमेंट एक, वाळू दोन, खडी चार. दर घमेल्याला तो वर बघून मोठ्याने आकडा म्हणायचा, आणि वरून ओरडणं चालूच. एक, दोन, चार. एक, दोन, चार. आता आवाज फाटला होता. ती म्हणाली, अहो, बरोबर आहे हो, मी स्वतः बघतेय. एवढं म्हणून ती खाली तशीच उभी राहिली. वर जायला दारातून पाचसहा पावलं होती.

मग गवंड्याने मूठभर वाळू उचलली, दाबली, आणि त्याचं तोंड उजळलं. वाळू ओलसर होती. ओली वाळू फुगते, घमेलं भरलेलं दिसतं पण आत वाळू कमी असते. हे त्याला कोणे एके काळी दादानेच शिकवलं होतं. "मानलं दादा तुला," तो खिडकीकडे बघून म्हणाला. "वरून नुसतं बघून ओळखलंस." त्याने थोडी वाळू वाढवली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिलाही भरून आलं, आणि त्या दारात इतक्या महिन्यांत कोणी इतकं सुखी झालं नसेल.

थोड्या वेळाने वरचा आवाज थांबला. गवंडी म्हणाला, दादा गप्प झाला, म्हणजे माल जमला.

उतार ओतून झाला, कडा घोटून झाल्या, चहा झाला. मग ती आत आली. तो मान टाकून बसला होता. तिने शाल काढली. खालची घडी ओली होती, धोतराचा काठ ओला होता, खुर्चीची गादी भिजून गार पडली होती. झाकण मळसूत्रावर वाकडं बसलं होतं. तिने ओढणी सोडली. कमरेपासून मांडीपर्यंत कातडी लालबुंद होऊन फोड आले होते. पाणी ठिबकत ठिबकत तिथे उतरलं होतं, आणि गाठ मागे असल्यामुळे त्याच्या एकुलत्या एका हाताला ती सोडता आली नव्हती.

वर्षभर ती सूर ऐकत आली होती. नेमक्या त्या दिवशी समोर सिमेंट होतं, वाळू होती, खडी होती, म्हणून तिने आकडे ऐकले. मधेच माप बदललं.

जखम भरली, डाग राहिला. उतारही पक्का झाला, आजवर केसाएवढा तडा नाही. मुलगा बापाला रोज त्यावरून खाली नेतो. झाल्या प्रकाराचं ती आणि मुलगा आपसातही बोलत नाहीत. गवंड्याला सांगायचं दोनदा तिच्या ओठांवर आलं, पण तो इतका खुशीत होता की जीभ रेटली नाही. त्याने ती गोष्ट गावभर केली. वाचा गेलेल्या माणसाने खिडकीतून वाळूचं ओलेपण ओळखलं, असं लोक एकमेकांना सांगतात. येणारे जाणारे उताराशी थांबतात, खुर्चीपुढे वाकतात, मोठ्याने म्हणतात, "काय दादा, माल एक नंबर ना?"

तो त्यांच्याकडे बघतो, तोंड उघडतो. खरं काय झालं ते सगळं सांगायचं असतं त्याला, हे ती त्याच्या सुरावरून ओळखते. "एक," तो म्हणतो, "दोन, चार." लोक टाळ्या पिटतात.

मग तो मान वळवून तिच्याकडे बघतो. ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहते, म्हणजे ती नजर चुकते.