तांबड्या गाडीतला गारवा

किस्से जमवावे लागत नाहीत, असा माझा अनुभव आहे. घरात एक वस्तू अशी असावी, जी नीट चालत नाही आणि टाकूनही देववत नाही. मग तिच्याभोवती माणसे जमतात, आणि माणसे जमली की किस्से मागोमाग येतातच. मी जुनी मॅट्रिक. बोलणे शुद्ध असावे आणि वस्तू जागच्या जागी असाव्यात, एवढीच माझी माफक अपेक्षा. ती गेल्या उन्हाळ्यात अमरावतीत, माझ्याच अंगणात, पुरी होऊ शकली नाही.

आमच्याकडची वस्तू म्हणजे आमचे यजमान भास्करराव यांची गाडी. तांबडी, बुटकी, दोनच दारांची विलायती स्पोर्ट्स कार. अकोल्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्याच्या शेडमध्ये ती धूळ खात उभी होती. इतर पुरुष ज्या वयात योगासने सुरू करतात, त्या वयात यांनी ती घरी आणली. आमच्या नात्यातल्या एका आजीबाईंनी तेव्हा गाडीला प्रदक्षिणा घालून विचारले होते, "मांगचे दोन दरवाजे कुठी गेले वो?"

"मागे बसायला जागाच नाही," मी सांगितले.

"मंग लेकरं कुठी बसवता?"



* * *

गाडीत एसी होता. म्हणजे त्याचे बटण होते. बटण दाबल्यावर आतून एक सुस्कारा येई आणि नंतर बाहेरच्यापेक्षा गरम वारा. यांना त्याचे काही वाटत नसे. दर रविवारी मोर्शीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात त्याच गाडीने जायचे, हा यांचा नेम. पण या हकिकतीच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, अकोल्याहून परतताना मूर्तिजापूर येण्याआधीच यांना ऊन लागले. रस्त्याकडेच्या रसवंतीत यांना दोन तास आडवे ठेवावे लागले. शुद्धीवर आल्यावर यांचे पहिले वाक्य, "गाडी सावलीत लावली ना?"

आमची लेक वर्षा अकोल्याला डॉक्टर आहे. ऊन लागलेली माणसे ती रोज पाहते, त्यामुळे वडिलांना ती वडिलांसारखे वागवत नाही, रुग्णासारखे वागवते. तिने निकाल दिला.

"बाबा, येत्या मेपर्यंत एसी झाला नाही, तर किल्ली माझ्याकडे. चाचणी मी घेणार. सकाळी अमरावतीहून निघायचं, अकराला माझ्या दारात. शर्टावर घामाचा एक डाग दिसला, तरी किल्ली द्यायची. कायमची."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मनुष्याला पुन्हा परीक्षेस बसवले, की तो किती केविलवाणा दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिले. यांनी जेवताना भात दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा पानात टाकला.

* * *

काम उस्मानभाईंना दिले. उस्मानभाई मोर्शीकडच्या शीतगृहांतली यंत्रे दुरुस्त करतात. संत्र्यांच्या पेट्या थंड ठेवण्यात त्यांची हयात गेली. मी त्यांना स्पष्टच विचारले, "मोटारगाडीच्या एसीचा आपणांस अनुभव आहे काय?"

"काकू, संत्रं काय आन् मानूस काय, एकच हाय," ते शांतपणे म्हणाले. "वास सुटाच्या आधी थंड करा लागते."

यांना हे तत्त्व इतके पटले, की त्याच दुपारी गाडीचा सगळा डॅशबोर्ड माझ्या तुळशीसमोर निघाला.

* * *

डॅशबोर्डच्या मागे, जिथून थंड वारा यायचा ती पेटी उस्मानभाईंनी उघडली. आत गच्च कापूस भरला होता. जिनिंगच्या शेडमध्ये गाडी उभी असताना उंदरांनी तिथे घर केले होते, आणि कापसाच्या गावचे उंदीर ते; त्यांनी काटकसर केली नव्हती.

त्या वेळी यांचे मित्र वानखडे भाऊजी हजर होते. कापसाची प्रत ठरवण्यात त्यांची उभी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी बोटे निवृत्त झालेली नाहीत. मी म्हणत होते, की तो घाणेरडा कापूस ताबडतोब जाळावा. भाऊजींनी मला हाताने थांबवले. एक पुंजका उचलला, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढला, धागे तळहातावर नीट मांडले आणि चष्मा कपाळावर सारला.

"भास्करराव, लांब धाग्याचा हाय! कचरा कमी, रंग चांगला." मग अत्यंत आदराने पुढे म्हणाले, "उंदराले पारख होती, बावा."

* * *

जुन्या गाडीच्या एसीत जो गॅस चालायचा तो आता मिळत नाही. नवा घालायचा तर नळ्यांच्या जोडांमधल्या रबरी कड्या, आतले तेल, सारेच बदलावे लागते. ते सारे उस्मानभाईंनी बदलले आणि चैत्राच्या सुरुवातीस गॅस भरला.

चारच दिवसांनी माझ्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. पंचवीसेक बायका, पन्हे, कैरीची डाळ. मला ऐकू थोडे कमी येते, म्हणून मी फोन नेहमी स्पीकरवर ठेवते. तो वाजला. गाडी उस्मानभाईंच्या वर्कशॉपमध्ये होती आणि हेही तिथेच होते.

"काकू, वाईट खबर हाय! साहेबांचा गॅस पूरा निघून गेला!"

"रातभर निघून राहिला असंन," फोन पुढे म्हणाला. "सकाळी पाह्यलं तं काहीच नाई. साहेब लय उदास बसले हायेत."

बायका सुसंस्कृत होत्या. कोणीही हसले नाही. मात्र संध्याकाळपर्यंत माझ्या घरी तीन घरांतून ओवा, दोन घरांतून हिंगाष्टक चूर्ण आणि समोरच्या कुसुमताईंकडून एक गरम पाण्याची पिशवी आली.

मी उस्मानभाईंना बोलावून घेतले. त्यांना म्हटले, "उस्मानभाई, भाषा नेमकी असावी. आणि गॅस हा शब्द तर मुळीच नको. मराठीत त्याला वायू म्हणतात. सभ्य शब्द आहे, तोच वापरावा."

त्यांनी मान डोलावली. शिकण्याची वृत्ती त्यांच्यात होती, हे मला मान्य केले पाहिजे. जोड पुन्हा आवळले, गॅस पुन्हा भरला.

पुढच्या आठवड्यात वर्षाचे सासरे प्रथमच आमच्याकडे जेवायला आले होते. कडक शिस्तीचे, निवृत्त मुख्याध्यापक. मी पुरणपोळीवर तूप वाढत होते, आणि फोन वाजला.

"काकू, तुमी सांगतलं तसंच सांगतो," उस्मानभाईंनी घसा साफ केला. "साहेबांचा वायू सरला!"

मुख्याध्यापकांनी पाटावरूनच यांच्याकडे पाहिले. हे मान खाली घालून जेवत होते. त्यानंतर मी कोणाचीही भाषा सुधारलेली नाही.

* * *

गाडी पुन्हा आमच्या अंगणात आली, पण गळती कुठे आहे ते सापडेना. साबणाचे पाणी लावून झाले. फेस यायचा आणि बसायचा. मी रिठे उकळून दिले. माझ्या रेशमी साड्या पन्नास वर्षे रिठ्यानेच धुतल्या गेल्या आहेत. फेस बारीक आणि टिकाऊ येतो. नळ्यांना ते पाणी लावले, आणि हे, उस्मानभाई, वानखडे भाऊजी असे तीन प्रौढ पुरुष अंगणात ओणवे होऊन बुडबुड्याची वाट पाहू लागले. इतकी एकाग्रता यांनी आमच्या लग्नाच्या मुहूर्तालाही दाखवली नव्हती.

शेवटी दाराजवळच्या एका जोडावर एक बुडबुडा आला. फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

"सापडला!" असे ओरडून हे उठले, ते अर्धेच. कंबर तिथेच राहिली. यांना आत नेण्यासाठी उरलेल्या दोघांना बुडबुडा सोडून यावे लागले, आणि परत गेल्यावर तो कोणत्या जोडावर होता, यावर त्यांचे भांडण झाले.

* * *

अखेर जोड सापडला, गॅस टिकला, यंत्र चालू झाले. पण गाडी काही थंड होईना. उस्मानभाई चार दिवस डोके धरून बसले. पंखा ठीक, दाब ठीक, नळी हाताला बर्फासारखी. आणि आत बसलेले हे आणि भाऊजी घामाने निथळत होते.

पाचव्या दिवशी मी ताक घेऊन अंगणात गेले. दोन्ही खिडक्या पूर्ण खाली होत्या.

"काचा उघड्या कशासाठी ठेवल्या आहेत?" मी विचारले.

"वहिनी, हवा खेळती पायजे ना," भाऊजी म्हणाले. "खिडकी बंद केली तं दमट होते. तुमच्या बैठकीत कूलर लावता, तवा खिडकी उघडीच ठेवता का नाई?"

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. वऱ्हाडात मनुष्य जन्मतो तो कूलरसमोर, आणि उघड्या खिडकीचे शिक्षण त्याला बाळगुटीबरोबरच मिळते. "पण भाऊजी, हा एसी आहे. कूलर नव्हे," मी म्हटले.

भाऊजींनी काच वर घेतली. मग ती बोटभर खाली केली आणि फटीतून विचारले, "मंग याच्यात पानी कुठून टाकाचं?"

* * *

परीक्षा दोन दिवसांवर आली. यांचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. अंगाला गार लागत होते, तरी यांना पुरावा हवा होता. वर्षाने दिलेला ताप मोजण्याचा डिजिटल थर्मामीटर यांनी एसीच्या झडपेत खुपसला, तो वाजेपर्यंत धरला, आणि चेहरा पाडून घरात आले.

"'लो' म्हणून राह्यलं हे," ते म्हणाले. "लो म्हंजे कमी. आपला एसी कमी पडते. लेक किल्ली घेते आता."

यांनी ताटाला हातही लावला नाही. थर्मामीटरच्या डबीतला कागद घरात आजवर कोणी उघडला नव्हता. मी छापील मजकूर वाचल्याशिवाय राहत नाही. शरीराची उष्णता बत्तीस अंशांखाली गेल्यास 'लो' अशी अक्षरे दिसतात आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी, असे त्यात लिहिले होते. मी यांना ते दोनदा वाचून दाखवले आणि अर्थ सांगितला. "आपली गाडी मनुष्य असती, तर या यंत्राच्या मते ती एव्हाना वारलीच होती."

हे ताटावरून उठले, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सांगून आले, "मेली म्हनते आपली गाडी! पूरी थंडी पडली!"

दोन घरांतील माणसे सांत्वनाला आली.

* * *

परीक्षेच्या दिवशी हे पांढरा, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. शेजारी मी, मांडीवर पाण्याच्या दोन बाटल्या. बडनेरा गेले, मूर्तिजापूर गेले. बाहेर रस्ता पाण्यासारखा हलत होता आणि आत मला शाल घ्यावी लागली. शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून हे पाठ टेकवत नव्हते. ती गेल्या वर्षीची रसवंती आली तेव्हा फक्त गाडी किंचित जोरात नेली.

अकराला पाच मिनिटे कमी असताना आम्ही वर्षाच्या दारात होतो. ती बाहेर आली. यांना उतरवून उभे केले. कॉलर उलटवून पाहिली, पाठ पाहिली, बगला पाहिल्या, नाडी पाहिली. एक डाग नव्हता. मग ती चालू गाडीत यांच्या जागेवर बसली, दार ओढून घेतले आणि काचेपलीकडे डोळे मिटले.

आम्ही दोघे दारातल्या निंबाखाली उभे राहिलो. पाच मिनिटे झाली. दहा झाली. "तपासून राहिली," हे हळू आवाजात मला म्हणाले. विसाव्या मिनिटाला मी काचेशी वाकून पाहिले. डॉक्टरीणबाईंचे तोंड किंचित उघडे होते आणि त्या घोरत होत्या.

मी काचेवर टकटक केले. ती दचकून उठली, उतरली, साडी नीट केली. यांनी वाकून गाडी बंद केली, किल्ली काढली, तोच तिने वडिलांपुढे हात पसरला.

"किल्ली."

यांचा चेहरा उतरला. "अवं, पण थंड हाय ना?"

"आहे. म्हणूनच."

तिच्या नव्याकोऱ्या गाडीचा एसी महिनाभर बंद होता, हे आम्हाला त्या वेळी कळले. "एसी नसलेली गाडी उन्हात चालवू नये, असं मी पेशंटना सांगते बाबा. मीच कसं मोडायचं?" ती म्हणाली. "ऊन उतरलं की तुम्ही दोघं रेल्वेने जा." आणि तांबडी गाडी दवाखान्याच्या दिशेने, काचा बंद करून, निघून गेली.

संध्याकाळच्या रेल्वेत हे माझ्यासमोर बसले होते. शर्ट अजून पांढराशुभ्र होता. बडनेरा आले तेव्हा माझ्याकडे वाकून विचारले,

"पन पास तं झालो ना मी?"