टीव्हीच्या चौकोनांत बसलेली शकुंतला

भूतखेत, आत्मा, लागीर... हे मी मानत नाही. आजही नाही. आमच्या बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवशी घरातला देव्हारा निघाला, तो परत आला नाही. मार्केट यार्डात हमाली करताना मी पोत्यांवर एकटा झोपलोय, कधी काही दिसलं नाही. शाळा चौथीपर्यंत, तेव्हा लिहिण्यातल्या चुका काढत बसू नका.

विश्रांतवाडीला आमच्या दोन खोल्या. बायको, शकुंतला, उन्हाळ्यात गेली. त्यानंतर टीव्ही दिवसभर चालू ठेवायचो — बघायला नाही, आवाजाला. चित्र भिकार. अंधाराचा सीन आला, नाहीतर माणसं पळायला लागली, की चित्राचे चौकोन पडायचे. केबलवाला म्हणाला, "काका, वरून चित्र दाबून पाठवतात. पोत्यात जास्त माल कोंबला की चेपणारच."

एका दुपारी त्या चौकोनांत, खाली डाव्या कोपऱ्यात, एक बाई बसलेली दिसली. एक पाय दुमडलेला, पुढ्यात भाजी. तोंड असं नव्हतंच, नुसते मातकट चौकोन. पण मध्येच तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं नाक खाजवलं. भाजी निवडताना हात मातीचे झाले की शकुंतला तसंच करायची. सीन उजळला, बाई गेली.

मी येडा नाही. खिडकीला चादर लावली, चॅनेल बदलला, टीव्ही दुसऱ्या भिंतीला नेला. चौकोन पडले की ती यायचीच. मग तपासायचं सोडलं. जेवायला ताट घेऊन समोर बसायला लागलो. कुठल्या मालिकेत अंधार जास्त, ते पाठ झालं. कोणाला बोललो नाही.

मुलगा मिलिंद हडपसरला राहतो, कंपनीत आहे. आईच्या पुण्यानुमोदनानंतर थेट एका रविवारी उगवला. माझ्याजवळ बसून थोडा वेळ टीव्ही बघितला, मग रिमोट उचलला.

"बाबा, असलं चित्र बघून डोळे जातील."

"जाऊ दे. माझे आहेत."

"तुमचं नॉईज रिडक्शन बंद आहे. ते हाय केलं की चौकोन जातात."

"हात लावू नको."

"अहो, दोन मिनिटं."

तेवढीही लागली नाहीत. चौकोन एकमेकांत विरघळले, दुधावर साय धरावी तसं सगळं गुळगुळीत. कोपऱ्यात मालिकेतल्या बंगल्याचा सोफा दिसायला लागला.

"होतं तसं कर," मी म्हणालो. त्यानं केलं. चौकोन आले. ती आली नाही.

"तिथं कोण होतं, माहीत आहे तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "मनगटानं नाक खाजवत होती."

मी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला. मग म्हणालो, "दिसली, तर घालवलीस कशाला?"

"आपल्यात असलं मानत नाहीत, बाबा. तुम्हीच शिकवलंत. लहानपणी चिंचेवर भूत आहे म्हणून घाबरलो, तर तुम्ही मला तिच्याखालीच उभं केलं होतं."

चौकोन कशानं पडतात ते मला कळलं. ते सगळ्यांच्या घरी पडतात. त्यात माझी बायको कशी येऊन बसली, आणि न सांगता दोघांना तीच कशी दिसली, हे कोणी सांगू शकत नाही. देवऋषीचे पत्ते मात्र पाठवू नका.

आता मिलिंद दर रविवारी येतो. सगळं सेटिंग बंदच आहे ना ते बघतो आणि माझ्याशेजारी ते भिकार चित्र बघत बसतो. मी त्याला चहा करून देतो. माफ केलेलं नाही.