माईंनी शिंपडलेलं पाणी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. वसंताला सांगायची होती — आणि माईंना तर सांगायलाच हवी होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माईंना ओळखत नाही. सोयीचं आहे ना? माझं बरंचसं धैर्य असंच सोयीचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तलासरीला शिकवत होतो, राहायला डहाणूत. वाचणारा मास्तर आणि काही न मानणारा मास्तर, अशी माझी दुहेरी ख्याती होती. कुणा साहेबांच्या हस्ते फीत कापून पाणपोईचं उद्घाटन झालं, की मी म्हणायचो, ‘आता तहान कुणाच्या हस्ते?’ लोक हसायचे. मला ते हसू फार आवडायचं — हेही लक्षात ठेवा.

शेजारचा वसंता रेल्वेत तिकीट खिडकीवर. त्याला कॉम्प्युटर घ्यायचा होता. ऑफिसात त्याने ‘ज्ञानासाठी’ असं सांगितलं होतं. खरं तर त्याला बोरिवलीच्या मेहुण्याकडे बघितलेला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ हवा होता. समोरचे किराणावाले जयंतीभाई म्हणाले, ‘‘वसंतभाई, तुमची स्टेशनावरची गाडी टायमावर येत नाय, आता घरात कशाला पळवता?’’

तयार मशीन परवडणारं नव्हतं. सुटे भाग निवडून जोडून घ्यायचं ठरलं आणि निवडणारा अर्थातच मी. माझ्याकडे कॉम्प्युटर नव्हता, पण कॉम्प्युटरची मासिकं होती. संध्याकाळी वसंताच्या ओट्यावर बसून आम्ही प्रोसेसर आणि मदरबोर्डची पत्रिका जुळवायचो. माई — वसंताच्या आई — शिलाई मशीनवर आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवता शिवता ऐकायच्या. त्यांना यंत्रांची भीती नव्हतीच. मशीनला तेल त्याच घालायच्या, स्टोव्ह त्याच खोलायच्या. मध्येच विचारायच्या, ‘‘मास्तर, याला वीज कुठनं मिळते हो?’’

बरोबर प्रश्न होता. आणि मला उत्तर माहीत होतं — इथेच सगळं आहे. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला एक पत्र्याचा डबा असतो, पॉवर सप्लाय. तो सगळ्या भागांना वीज वाटतो. जिथे व्होल्टेज वरखाली होतं तिथे त्यात काटकसर करू नका, हे मी मासिकात वाचलं होतं. खाली रेघही मारली होती. डहाणूत तर संध्याकाळी बल्ब आधी पिवळा पडायचा, मग डोळे दिपवायचा. पण पैसे एकाच गोष्टीपुरते उरले होते. चांगला सप्लाय, नाहीतर खेळासाठी थ्रीडी कार्ड. सप्लाय कुणाला दिसतो? कार्डाची करामत पडद्यावर दिसते. मशीन सुरू होईल त्या दिवशी सगळी आळी बघायला येणार होती — आणि निवड कुणाची, तर मास्तरांची. मी कार्ड घेतलं. सप्लाय कॅबिनेटसोबत आला तोच, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. समारंभांची टिंगल करणारा मी. फीत माझीही होतीच की!

दसऱ्याला माईंनी पूजा मांडली. शिलाई मशीन, विळी, आणि शेजारी तो कॉम्प्युटर — सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ. नारळ फोडला आणि त्याचं पाणी फुलाने शिंपडलं. मी कोपऱ्यात उभा राहून हसत होतो. वसंताने बटण दाबलं. पडद्यावर गाडी सुटली, आळी ओरडली, जयंतीभाईसुद्धा ‘‘वाह!’’ म्हणाले. मग खोलीतला दिवा एकदम लख्ख झाला. मागून फट् असा आवाज. जळका वास. पडदा काळा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काय म्हणालो असेन? खोटं बोललो नाही — तेव्हा तरी. फक्त विचारलं, ‘‘माई, पाणी कुठे कुठे शिंपडलंत?’’

बास. पुढचं लोकांनीच पूर्ण केलं. ‘‘आई, तुला सांगितलं होतं ना, नको म्हणून!’’ वसंता ओरडला. खरं तर त्याने असं काहीच सांगितलं नव्हतं. माईंच्या हातात अजून ते फूल होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅबिनेट खोललं. आत थेंबही नव्हता. सप्लाय काळा पडला होता, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला होता. वसंता माझ्या खांद्यामागे उभा. मी म्हणालो, ‘‘पाणी आत गेलंय.’’ वर अंधश्रद्धेवर चार वाक्यं बोललो. चांगली वाक्यं होती. माई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आत आल्या नाहीत.

दिवाळीआधी मी शर्टाची कॉलर उलटवून घ्यायला गेलो, तर शिलाई मशीनवर जुनी चादर घातलेली. त्यावर लोणच्याच्या बरण्या. ‘‘आता नाही शिवत,’’ माई म्हणाल्या. ‘‘माझा हात यंत्राला धार्जिणा नाही.’’ स्टोव्ह बिघडला तर वसंताच्या बायकोला हाक मारायच्या. पुढे घरात फोन आला. तो वाजला की त्या हात पदरात घेऊन कुणी येईपर्यंत बघत राहायच्या. मी ते बघितलंय. समोरच्या खुर्चीत बसून, चहा पीत. ज्या घरात कुणी हाताला अपशकुनी मानत नव्हतं, तिथे ती समजूत मी आणली — अंधश्रद्धा हटवणाऱ्या मास्तराने.

सांगता आलं नसतं? एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्यानंतर आळी मला हसली असती.

माई गेल्या, त्याआधी बरीच वर्षं हे असंच चाललं. दर हंगामात त्या मला वाडीतल्या चिकूंची करंडी पाठवायच्या. पहिल्यांदा स्वतः घेऊन आल्या होत्या. ‘‘मास्तर, तुमची एवढी मेहनत माझ्यामुळे वाया गेली,’’ म्हणाल्या.

मी करंडी घेतली. दरवर्षी घेतली. चिकू गोड असायचे.