ओली गाठ

हे लिहावं की नाही याचा विचार करण्यातच माझं वर्ष गेलं. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिला, आणि हैदराबादेस राहून बी.ए. झालेला तर आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत पहिला. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. कुणी ‘मला देवाचा अनुभव आला’ असं सांगू लागलं की मी तीन प्रश्न विचारत असे: कुठे आला, दिवसाच्या कोणत्या वेळी आला, आणि तुमच्याखेरीज कुणी पाहिला. पुष्कळांची गाडी तिसऱ्या प्रश्नाशी अडायची. माझ्या हकिगतीत तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत, तरी अडायचं ते अडलंच आहे. म्हणून घडलं तसं लिहितो. वाचणाऱ्याला काही उलगडा झाला तर मला हवाच आहे.

तेव्हा मी गेवराईच्या सरकारी मदरशात, म्हणजे निजामाच्या शाळेत, शिकवत होतो. आमची मुलगी आठ महिन्यांची. श्रावणात तिच्या कानामागे सुपारीएवढी गाठ आली, चार दिवसांत ती लिंबाएवढी झाली. ताप उतरेना, जबडा उघडेना, दूध ओढता येईना. हकीमसाहेबांनी दोनदा लेप दिला. तिसऱ्या वेळी लेपाची वाटी त्यांनी बाजूला सारली. “मास्तर, इसको चीरा लगेगा. जालना ले जाव. आजच निघा, उद्यावर टाकू नका,” ते म्हणाले. रोग्याला कधी घाबरवायचं नाही अशी त्यांची ख्याती होती, त्यामुळे मी जास्तच घाबरलो.

जालन्याला जायचं तर गंगा ओलांडायची. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पलीकडे शहागडाहून मोटर मिळायची. अलीकडच्या काठापर्यंत बैलगाडी होती, पण चाकाच्या प्रत्येक हिसक्याला पोरगी कळवळायची. बायकोला चार रात्री झोप नव्हती, ती चालता चालता पेंगत होती. तेव्हा मी माझा फेटा सोडला, मुलीला छातीशी घेतलं आणि फेट्याचे चार वेढे देऊन पाठीमागून कमरेशी गाठ मारली. वरून भुरभुर चालू होती, कापड भिजलं, गाठ दगडासारखी झाली. काठावर पोचलो तेव्हा तिथली माणसं हसली. “मास्तर, लेकरू बांधून हिंडायलाव, बाई झालाव का काय?” एकानं विचारलं. मी म्हणालो, “हसा. पण गाठ बघून हसा. बैलानं ओढली तरी सुटायची नाही.” खोटं बोललो नव्हतो.

उतारावरची मोठी नाव पुरात आपटून तिची फळी फुटली होती. दुरुस्तीला दोन दिवस लागणार होते. तेवढे दिवस आमच्याजवळ नव्हते. तिथल्याच कुणी सांगितलं, अर्ध्या कोसावर वरच्या अंगाला डोह आहे, पाणी तिथं संथ आहे, कोंडिबा भोई आणि त्याची बायको छोटी होडी घालतात. आम्ही चिखल तुडवत गेलो. होडी म्हणजे चार-पाच माणसांची, काठावर हात ठेवला तरी डुगडुगणारी. त्यात आधीच एक धनगर आपली शेळी घेऊन उभा होता. कोंडिबा त्याच्यावर ओरडत होता, “दावं काढ बे तिचं!”

“पळंल की ती!”

“पळून जाती कुठं, गंगंत?”

धनगरानं कुरकुरत दावं काढलं. मग कोंडिबाच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिचं नाव गिरजाबाई. साठीची असेल, काळीसावळी, कपाळभर गोंदण, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं. ती म्हणाली, “मास्तर, लेकरू सोडा. माझ्याकडं द्या.”

“कावून?” मी विचारलं. शाळेत ‘का’ऐवजी हा शब्द मी पोरांना बोलू देत नसे.

“नावंत गाठ चालत न्हाई. तुमची गाठ सुटल्याबिगर आमची नाव सुटत न्हाई.”

मला राग आला. पोरगी तापानं फणफणत होती आणि ही बाई मला गाठीचे शकुन सांगत होती. मी तिला समजावून सांगायला लागलो. कोणतीही वस्तू पाण्यात तरंगते ती का, किती वजन कुठं ठेवलं म्हणजे होडी कलत नाही, हे मी उर्दूतून शिकलो होतो, ते जमेल तसं मराठीत सांगितलं. कोंडिबानं बांबूवर रेलून सगळं ऐकून घेतलं. “बराबर हाय तुमचं,” तो म्हणाला, “पर हे गंगंला कोनी सांगावं?” धनगर फिस्सकन हसला.

“अहो, बांधलेली आहे म्हणून तर ती सुरक्षित आहे,” मी गिरजाबाईला म्हणालो. “मी पडलो तरी पोरगी माझ्याजवळच राहील.”

“म्या तेच म्हन्ते,” ती म्हणाली. “तुमच्याजवळच ऱ्हाईल. पवता येतं का तुमाला?”

“नाही.”

 ती नुसते हात पुढे करून उभी राहिली.

इथं जे झालं त्याचा उलगडा मला अजून होत नाही. माझ्याजवळ उत्तर तयार होतं. काय बोलणार होतो ते आजही आठवतं: तू बाजूला हो, मी दुसरी होडी पाहतो. उभ्या जन्मात अडाणी माणसाच्या सांगण्यावरून मी माझं पाऊल मागे घेतलेलं नाही. घरात वडिलांशीसुद्धा यावरून वाद व्हायचे. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं, आणि माझे दोन्ही हात पाठीमागे गेले होते, गाठीकडे.

गाठ सुटेना. मी फेट्याचा एक शेव ओढला, दुसरा ओढला, नख उलटलं. बायको मदतीला आली, तिलाही जमेना. गिरजाबाई मागे येऊन म्हणाली, “वढू नका. ओली गाठ वढली की आवळती. ढील द्या, कापूड आत ढकला. जरा ढकला.” मी ओढणं थांबवलं. दोन श्वासांत गाठ सैल झाली. मुलीला मी त्या अनोळखी बाईच्या हातात दिलं. माझी छाती एकदम गार पडली.

होडी निघाली. गिरजाबाई मधोमध मांडी घालून बसली होती. मुलीनं तिच्या गळ्यातली काळी पोत धरली आणि मान जराशी वळवून पाण्याकडे पाहायला लागली. दोन दिवसांत तिनं कशाकडे नजर लावून पाहिलं नव्हतं. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत होतो, म्हणून प्रवाहाकडे माझं लक्ष नव्हतं. वरून बाभळीचं एक झाड वाहत येत होतं, खोड बुडालेलं, काट्यांची एक फांदी तेवढी वर. कोंडिबानं बांबू लावून ते टाळलं खरं, पण पाण्याखालची फांदी होडीला घासली, होडी माझ्या बाजूला कलली आणि मी पाण्यात गेलो. एकटा मीच.

पाण्याखाली सगळं तांबूस मातकट होतं. घाबरलो होतोच, पण त्या भीतीतही एक गोष्ट स्वच्छ ठाऊक होती की पोरगी वर आहे. तिला सावरायला हात गुंतले नव्हते. पाण्यात बांबू आला तसा मी तो दोन्ही हातांनी धरला. वर आलो तेव्हा कोंडिबा ओरडत होता, “धरा! आता काय सोडू नका, मास्तर!” शेळीनंही भिऊन उडी घेतली होती आणि आम्ही पैलतीराला लागलो तेव्हा ती आधीच पोचून अंग झाडत उभी होती. धनगर शेळीकडं बघत म्हणाला, “बघा, मास्तरपरीस शानी निघाली.”

काठावर मी खोकत बसलो.  बायकोनं मुलीची पावलं चाचपून पाहिली; ती कोरडी होती. मग मला म्हणाली, “उठा आता, मोटर जाईल.” त्या गडबडीत त्या दोघांना मी नीट रामरामही केला नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी तिन्हीसांजेला चिरा दिला. अर्धी वाटी पू निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं जबडा उघडला आणि दूध ओढलं. तो आवाज ऐकून बायको भिंतीकडे तोंड करून रडली. आम्ही तिथं नऊ दिवस राहिलो.

परतताना मोठी नाव सुरू झाली होती. तरी बायको-मुलीला घेऊन मी मुद्दाम डोहाकडे गेलो. मला विचारायचं होतं. गिरजाबाई काठावर जाळ्याचे फाटके डोळे सांधत बसली होती. मी विचारलं, त्या दिवशी तुम्हाला काही दिसलं होतं का, काही कळलं होतं का?

“काय दिसायचंय? म्या समद्यालाच सांगते,” ती म्हणाली. “गंगामाईला गाठ खपत न्हाई.” पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, सासू सांगायची म्हणून सांगते. मी तरीही सोडेना, तेव्हा जाळं खाली ठेवून म्हणाली, “कुनी पान्यात पडलं तर आमी उडी घेऊन एक माणूस वढून काढू. दोन जीव एकाला एक बांधलेले आसले तर कसे काढावे?” इतकं साधं ते होतं. मी तीन वेळा विचारलं होतं, तिनं तीन उत्तरं दिली होती, आणि तिन्ही तिला खरीच वाटत होती.

मग ती हसून म्हणाली, “आता म्या इचारते. किती लोकं भांडत्यात. शिव्या देत्यात, मागं फिरत्यात. तुमी तर लई शिकलेले. तुमी कावून सोडली गाठ?”

 तिचं म्हणणं पटलं म्हणून सोडली असं म्हणावं तर तेव्हा ते पटलेलं नव्हतं. भीतीनं म्हणावं तर भीतीनं माणूस गाठ आवळतो. देवावर टाकणं हे ज्याचं काही चालत नाही त्याचं काम, असं मी समजत आलो होतो. पण त्या दिवशी माझं चालत होतं. होडी नाकारायला मी मोकळा होतो. मग माझे हात मागे कुणी नेले? बाभूळ कुणी पाठवली आणि कुणी टाळली, याबद्दल मी काही म्हणत नाही. पुरात झाडं वाहतातच. मला फक्त त्या दोन हातांचं नवल वाटतं. ते माझे होते आणि त्यांनी माझं ऐकलं नाही, यासाठी मी ज्याचा ऋणी आहे त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही.

परतायला त्यांच्याच होडीत चढताना या वेळी गिरजाबाईनं लेकरू मागितलं नाही. मी आपणहून तिच्या मांडीवर ठेवलं. मुलीनं लगेच पोत धरली. नदी उतरली होती, पाणी निवळलं होतं, काठाजवळ तळाची वाळू दिसत होती. मी समोर बसलो. हात मोकळे होते, त्यांचं काय करावं कळेना. काही वेळ गुडघ्यांवर ठेवून पाहिले. मग ते जोडले.