हात न लावण्याचा नियम

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जरा सोपं जातं — तेवढंच.

अमरावतीत मी योगवर्ग घेते. एका काकूंच्या घरचा वरचा हॉल आहे, सकाळी बायका येतात. आसनांआधी मी थोडं यम-नियमांवर बोलते. छान बोलते म्हणतात लोक. ऐकायला मलाही आवडतं, खोटं कशाला सांगू?

सुजाता माझी मदतनीस होती. मोर्शीची, योगशास्त्रात एम.ए. झालेली. पुढे स्वतःचा वर्ग काढायचा, म्हणून अनुभवासाठी माझ्याकडे आली. कोणाची कंबर आखडली की ती नुसता तळवा टेकवायची, बाई सैल पडायची.

बुद्धपौर्णिमेला तिनं घरून सगळ्यांसाठी खीर आणली. ती बौद्ध आहे हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं. बऱ्याच जणींना अचानक उपास निघाला. मी खाल्ली, पुन्हा मागून घेतली — जणू तेवढ्यानं माझं काम झालं.

मग ती जवळ आली की बायका अंग चोरू लागल्या. मला दिसत नव्हतं का? चांगलं दिसत होतं. शेवटी काकूंनीच मला जिन्यात गाठलं. "पोरगी चांगली आहे व, पण तिले म्हणा, हात नको लावू. मले कसंतरीच होते."

हॉल काकूंचा. मी काय म्हणायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्या दिवशी मी अहिंसेवर बोलले. दुसऱ्याचं शरीर हातानं वळवणं हीसुद्धा सूक्ष्म हिंसा — आजपासून आपल्याकडे फक्त शब्दांनी शिकवायचं. काय सुरेख बोलले मी! काकूंनी डोळे मिटून मान डोलावली. सुजाता मागे सतरंज्यांच्या घड्या करून राहिली होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा घड्या करू लागले.

त्याच आठवड्यात भुजंगासनात मी स्वतः काकूंचे खांदे धरून खाली दाबले. सवयीनं. कोणी काही म्हटलं नाही. सुजातानं ते पाहिलं — आणि तिनं पाहिलं, हे मी पाहिलं. नंतर ती यायची बंद झाली. मी फोनसुद्धा केला नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याला बहिणीकडे गेले होते. तिनं मला तिच्या योगवर्गात नेलं, तो सुजाताचा निघाला. हॉल भरलेला. ती प्रत्येकीजवळ जात होती — कोणाच्या पाठीवर हात, कोणाच्या मानेवर. मी भुजंगासनात होते. ती माझ्याकडे येऊन राहिली होती, आणि माझी पाठ तिच्या हाताची वाट पाहत होती. लाज वाटते सांगायला, पण पाहत होती.

ती समोर थांबली. दोन्ही हात मागे बांधले.

"मॅडम, खांदे खाली घ्या. श्वास सोडा."

आवाजात राग नव्हता. मग पुढच्या बाईच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

माझ्या वर्गात तो नियम अजून चालू आहे. नव्या बायकांना मी तो अहिंसा म्हणूनच सांगते.