काळीज निजवणाऱ्या हौसाताई

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हौसाताई वॉर्डात यायच्या, मुलाच्या छातीला चक्क कान लावायच्या आणि डोळे मिटून ऐकत राहायच्या. गळ्यात स्टेथोस्कोप असलेले डॉक्टर शेजारी उभे असले तरी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्या म्हणाल्या, "ज्याला उद्या थांबवायचं, त्याला आधी भेटाय नको व्हय?"

बारामतीच्या एका हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची नर्स होते आणि ताई हृदय-फुफ्फुसाचं यंत्र चालवायच्या. मुलाच्या हृदयातलं छिद्र शिवायचं तर हृदय स्थिर हवं. म्हणून थंड औषध देऊन ते थांबवायचं आणि तोवर अंगातलं रक्त यंत्रानं फिरवायचं. थांबलेल्या हृदयाला इजा होऊ नये म्हणून मधूनमधून ते औषध पुन्हा द्यायचं. ही सगळी राखण ताईंकडे. त्या शेळगावच्या, मेंढपाळांच्या घरातल्या. पुण्यात राहून हे शिक्षण घेतलं, पण बोली काही सोडली नाही.

पळसदेवची गौरी मला विसरता येत नाही. वडील उजनीच्या पाण्यात मासे धरायचे. पोर चार पावलं पळाली की धापा टाकत खाली बसायची. हृदय थांबवणार म्हटल्यावर तिच्या आईनं ताईंचा हात धरला. "थांबवायचं म्हंजी मारायचंच की वो, ताई!"

"न्हाय गं, निजवायचं," ताई तिच्याजवळ बसल्या. "चाक बदलायचं तर गाडी थांबवायला लागती. पर तवर बैलांची वैरण बंद करतं का कुणी? ती वैरण माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी औषध गेलं आणि पडद्यावरची रेघ सरळ झाली. गौरीच्याच मुठीएवढं ते हृदय निपचित पडलं. आत छिद्र एक नव्हतं, दोन होती. काम लांबलं. ऑपरेशन करणारे आमचे सर टाके घालत होते आणि ताई वेळ झाली की फक्त "औषध देते" म्हणत. सर हात थांबवत.

टाके संपले. हृदयात पुन्हा गरम रक्त सोडलं तसं ते धडधडू लागलं, पण यंत्राचा वेग कमी करताच रक्तदाब घसरला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. सर म्हणाले, "ताई, भार परत तुमच्याकडे घ्या. दमलंय ते."

ताईंनी यंत्राचा वेग वाढवला आणि गौरीकडे बघत हलकेच म्हणाल्या, "इसावा घे, बाय. घाई न्हाय. मी हाय हितं."

आम्ही सगळे त्या लहानशा हृदयाच्या मर्जीची वाट बघत उभे राहिलो. मग ताईंनी यंत्राचा वेग इतक्या सावकाश कमी केला, की यंत्र कधी थांबलं हे मला कळलंही नाही. रक्तदाब टिकला. गौरीचं हृदय आपल्या जोरावर चाललं होतं.

बाहेर आई पाया पडायला वाकली. ताईंनी तिला वरच्यावर धरलं. "माझ्या कशाला? लेक तुझी खंबीर. आमी निस्ती राखण केली."

सगळीच मुलं अशी परतली नाहीत. पुढं शेळगावचंच, ताईंच्या भावकीतलं तान्हं बाळ आलं. सगळे उपाय झाले, पण त्याचं हृदय पुन्हा उठलं नाही. शेवटी सरांनी मान हलवली. यंत्र बंद करण्याचं काम ताईंचंच होतं. त्यांनी ते केलं, हात धुतले आणि सरांबरोबर बाहेर जाऊन बाळाच्या आईशेजारी फरशीवर बसल्या. ती रडत होती तोवर तिच्या पाठीवरचा हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या एका मुलाचं ऑपरेशन होतं. मला वाटलं, ताई येणार नाहीत. त्या माझ्याआधी येऊन नळ्या जोडत होत्या. डोळे सुजलेले.

"ताई, आज दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं..."

"कालच्याचं दुख हाय, जलमभर राहील," हातातलं काम न थांबवता त्या म्हणाल्या. "पर आजच्या पोराला कालचं काय ठावं? त्याला माझा पुरा हात मिळाय पायजे."

त्या दिवशी टाके संपले आणि मुलाचं हृदय पहिल्याच खेपेला उसळून धडधडू लागलं. ताईंची नजर पडद्यावरून हलली नाही. मास्कमागून एवढंच ऐकू आलं, "चल, माझ्या राजा. चल."