कुटाची नोंद पुसणारी अपडेट

ज्यांनी ती फाइल बनवली, त्यांनी जन्मात कोशिंबीर खाल्लेली नव्हती, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

आमची कंपनी घरगुती डबे पुरवणाऱ्यांसाठी अ‍ॅप बनवते. कुठल्या पदार्थात काय घातलंय ते त्यात दिसतं. पदार्थांची फाइल मात्र आमची नाही. बाहेरच्या एका तयार सॉफ्टवेअर पॅकेजमधून आयती येते. तिच्यात दाण्याच्या कुटाचा पत्ताच नव्हता. माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. ओठ सुजतात, श्वास लागतो. म्हणून साबुदाण्याच्या खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे 'शेंगदाणा' मी स्वतः भरला होता.

मग पॅकेजची अपडेट आली आणि माझ्या नोंदी पुसून मूळ फाइल परत बसली. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय! पेणकरपाड्यातल्या ज्या काकूंकडून मुलीचा शाळेचा डबा येतो, त्यांच्या कोशिंबिरीपुढे अ‍ॅपवर हिरवी खूण, म्हणजे शेंगदाणा नाही. मुलीने झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा बंद केला. दिवसभर उपाशी राहून घरी आली. मी आधी रडले, मग तापले.

शोधल्यावर कळलं, सेटिंगमध्ये एक ओळ घातली की अपडेट आपल्या फाइलला हात लावत नाही. सोय होती, पण कुठेच लिहिलेली नव्हती. अ‍ॅप वापरणाऱ्यांसाठी सूचना लिहिणं माझंच काम. सूचनांच्या नव्या पानाच्या मसुद्यात पहिलंच वाक्य मी टाकलं : 'ही ओळ घातली नाहीत, तर प्रत्येक अपडेट तुमच्या दुरुस्त्या पुसून टाकेल.'

मसुदा वाचून साहेबांचा फोन आला. "अगं, एवढं डायरेक्ट कशाला लिहितेयस? क्लायंट टेन्शन घेतील ना. खाली टाक कुठेतरी, छोटंसं."

"खाली कोण वाचतं, सर?"

"तेच तर म्हणतोय मी."

माझं डोकंच फिरलं. "माझ्या मुलीला वास आला म्हणून वाचली. दुसऱ्याच्या पोराला सर्दी झालेली असली तर?"

"ठीक आहे गं, समजतंय मला. पण वाक्य बदल. नाहीतर मी बदलतो."

"बदला की. पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव येतं. तिथे मग तुमचं टाका."

नाव टाकायची त्यांची तयारी नव्हती. मी फोन ठेवला आणि पान चढवून टाकलं, माझ्या नावासकट.